मशीन म्हणतं ‘रेफर’, नात म्हणते ‘मला सगळं दिसतं’

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलगा बोटीवर, सून आखातात नर्स, साडेचार वर्षांची नात आजी-आजोबांकडे. मागच्या महिन्यात बालवाडीत डोळ्यांचं शिबिर झालं. जाड कॅमेऱ्यासारखं एक यंत्र पोरांसमोर तीनेक फुटांवर धरलं, त्यातून चिवचिव आवाज आला, दिवे लुकलुकले आणि लगेच चिठ्ठी हातात. नातीच्या चिठ्ठीवर उजवा डोळा +४.२५, डावा +०.७५ आणि खाली ‘रेफर, पूर्ण नेत्रतपासणी करा’ असा शेरा. आजोबांचं म्हणणं, पोरीला सगळं दिसतं: भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं चित्र सोफ्यावरून सांगते, माडावरचा कावळा तिला सगळ्यांच्या आधी दिसतो, जमिनीवरची मुंगीसुद्धा सुटत नाही. शेजारच्या मुलालाही असाच शेरा आला होता, त्याला पणजीला डॉक्टरकडे नेलं तर ‘काही नाही’ म्हणाले. आजीने दिष्ट काढली आणि गाजर, शेवग्याच्या पाल्याची भाजी चालू केली. बाजारातला चष्मेवाला म्हणतो, चिठ्ठी द्या, परवा चष्मा घेऊन जा. मुलाला आणि सुनेला अजून कळवलेलं नाही, मे महिन्यात दोघं येतील तेव्हा काय ते बघू असा विचार आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: ‘सून म्हणेल, तुम्हीच मोबाइल देऊन देऊन पोरीचे डोळे घालवलेत.’

नमस्कार मास्तर,

शेवटच्या ओळीवर मी येणार आहे, कारण मला वाटतं खरा गुंता तिथेच आहे, पण आधी मशीनचं बघू.

तुम्ही लिहिलंय ‘तिला सगळं दिसतं’. बरोबरच असणार, मी त्यावर वादच घालत नाही. फक्त एक सांगा, कॅलेंडर दाखवलंत तेव्हा तिचे दोन्ही डोळे उघडे होते ना? कावळा दिसला तेव्हाही दोन्ही उघडे. मुंगीच्या वेळीही. म्हणजे तुमच्या तिन्ही परीक्षा प्रत्यक्षात तिच्या डाव्या डोळ्याने दिल्या आणि डावा डोळा चांगलाच आहे, चिठ्ठीही तेच म्हणते. उजव्याला कोणी एकट्याला विचारलंच नाही अजून. तुम्ही इतकी वर्षं वर्गात काढलीत, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, एक हुशार पोर प्रत्येक प्रश्नाला हात वर करत असलं की सगळ्या वर्गाला येतंय असंच वाटतं आणि शेवटच्या बाकावरचा वर्षभर गप्प बसून राहतो. मेंदू अगदी तसंच करतो. एका डोळ्यातून स्वच्छ चित्र येतंय, दुसऱ्यातून धूसर, मग तो धूसरवाल्याकडे लक्ष देणं हळूहळू सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात, डॉक्टरी भाषेत अँब्लिओपिया. डोळा बाहेरून अगदी छान दिसतो, तिरळेपणाही असेलच असं नाही. आणि मूल तक्रार करत नाही कारण त्याला दुसरं काही माहीतच नसतं, जन्मापासून जग असंच दिसतंय त्याला.

घरी करून बघायचं असेल तर बघा, पण हाताने डोळा झाकू नका, पोरं बोटांच्या फटीतून बघतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मेडिकलमधून कागदी टेप आणा, मायक्रोपोर म्हणून मिळते, मऊ कापसाची नाहीतर टिश्यूची घडी डोळ्यावर ठेवून वरून टेप लावा. आधी उजवा डोळा झाका आणि खेळू द्या दहा मिनिटं. मग डावा. कॅलेंडर नको, ते तिला तोंडपाठ आहे, कधी न बघितलेलं पुस्तक घ्या आणि चार पावलांवरून चित्रं दाखवा. उत्तरं चुकली की बरोबर आली यापेक्षा ती वागते कशी ते बघा. चांगला डोळा झाकला की अशी मुलं मान वाकडी करतात, टेप ओढून काढायला बघतात, ‘हा खेळ नको’ म्हणून रडायला लागतात आणि दुसरा डोळा झाकला की निवांत खेळत बसतात. इतकं टोकाचं दिसेलच असं नाही हां. तिने सगळं बरोबर सांगितलं तरी डॉक्टरकडे जायचंच आहे, हा खेळ फक्त तुमच्या आणि आजींच्या मनाच्या समाधानासाठी.

आता ते यंत्र. बरीच वाचकमंडळी हल्ली विचारतात म्हणून जरा सविस्तर सांगते. त्याला फोटोस्क्रीनर म्हणतात, स्पॉट, प्लसऑप्टिक्स वगैरे नावांनी येतात. ते डोळ्यात इन्फ्रारेड प्रकाश सोडतं, आपल्याला न दिसणारा, तो आत पडद्यावर आपटून बाहुलीतून परत येतो आणि परत येताना बाहुलीत उजेडाची जी चंद्रकोर पडते तिच्या आकारावरून यंत्र अंदाज बांधतं की डोळ्याचा नंबर साधारण किती असेल. दोन्ही डोळे एकाच वेळी मोजतं, बाहुल्यांचा आकार बघतं, दोन्ही डोळे एकाच दिशेला आहेत का तेही बघतं. एक्स-रे नाही, काही इजा नाही, आणि मुलाने बोलायची, अक्षरं ओळखायचीही गरज नाही, चिवचिव कुठून येतेय म्हणून बघितलं की काम झालं. म्हणून तर ते सहा महिन्यांच्या बाळावरही चालतं आणि बालवाडीतल्या लाजऱ्या पोरांवरही, जिथे तुमचा-माझा अक्षरांचा तक्ता हात टेकतो. त्याला लागतो फक्त अंधुक उजेड, बाहुली मोठी हवी असते त्याला. बालवाडीच्या पडवीत भर उन्हात धरलं तर यंत्र नुसतंच ‘बाहुली लहान’ म्हणून हटून बसतं, मग खिडक्यांना चादरी लावा, दारात उभ्या आयांना हलवा, हे सगळं आलंच.

पण एक गोष्ट ते मोजत नाही. मूल प्रत्यक्षात किती बघू शकतं हे त्याला कळत नाही. तुमची नात ६/६ म्हणजे पूर्ण बघते की ६/२४ म्हणजे बरंच कमी, चिठ्ठीवर कुठेच नाही. चिठ्ठी एवढंच म्हणते की या दोन डोळ्यांच्या नंबरात साडेतीनचा फरक दिसतोय आणि इतका फरक असलेला डोळा आळशी पडायची शक्यता असते, तेव्हा नीट बघून घ्या. म्हणजे ‘रेफर’ हा आजाराचा दाखला नव्हे. तुम्ही आणि आजी दोघंही तो तसाच वाचताय, तुम्ही तो खोटा ठरवायला बघताय आणि आजी घाबरल्यात, पण वाचताय दोघंही एकच गोष्ट.

शेजारच्या मुलाचं म्हणाल तर त्यात मशीन नापास झालं असं मला वाटत नाही. चाळणी जरा बारीक ठेवलेली असते, काही बरी मुलं तीत अडकणारच. मूल नेमकं त्या क्षणी जवळचं काहीतरी बघत असेल, मान कलली असेल, पापण्या लांब असतील, किंवा नंबर अगदी सीमेवर असेल. सव्वा-दीडच्या आसपासचा फरक डॉक्टरकडे गेल्यावर कमी निघाला तर त्यात नवल नाही. तुमच्या नातीचा फरक सीमेवरचा नाहीये मास्तर. आणि उलटी बाजूही ऐका, जी सहसा कोणी सांगत नाही: लहान मुलांच्या डोळ्याची फोकस करायची ताकद जबरदस्त असते, तेवढी ताकद लावून ती प्लसचा बराच नंबर लपवतात. डॉक्टर ही ताकद थेंब घालून तात्पुरती थांबवतात, यंत्र थेंब न घालता मोजतं. म्हणजे थेंब घातल्यावर नंबर +४.२५ पेक्षा जास्तही निघू शकेल, किंवा कमीही. चिठ्ठीवरचा आकडा हा अंदाज आहे.

म्हणूनच त्या चष्मेवाल्याला चिठ्ठी देऊ नका. माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही, गिऱ्हाईक दारात आलं की तो चष्माच विकणार. पण साडेचार वर्षांच्या मुलाचा नंबर थेंब घालून, बाहुली मोठी करून, फोकसची ताकद तात्पुरती बंद पाडूनच काढायचा असतो. डॉक्टर एक तर तिथेच थेंब घालतील, पाऊणेक तास बसवतील आणि मग तपासतील, किंवा ॲट्रोपिनचं मलम लिहून देतील जे तपासणीच्या आधी काही दिवस घरी लावायचं असतं. ॲट्रोपिन असलं तर तयारीत राहा. जवळचं धूसर दिसणं आणि उजेड सहन न होणं आठवडा-दोन आठवडे राहू शकतं, तेवढे दिवस बालवाडीत बाईंना सांगून ठेवा, बाहेर जाताना टोपी घाला, स्कूटरवर पुढे उभी करून भर उन्हात नेऊ नका. मलम लावल्यावर हात धुवा, तिचेही आणि तुमचेही, आणि ट्यूब उंच फळीवर. तोंड लालबुंद झालं, अंग तापलं किंवा पोर चमत्कारिक वागायला लागली तर मलम थांबवून लगेच डॉक्टरला फोन.

मे महिन्यापर्यंत थांबू का हा तुमचा मूळ प्रश्न. नको. आणि खरं सांगू का, आपल्याकडे मे पर्यंत म्हणजे मे पर्यंत कधी नसतंच, आता चवथ, मग दिवाळी, मग जत्रा, मग शिगमो, मग ‘यंदा सुट्टी मिळाली नाही, पुढच्या वर्षी येतो’. घाबरून उद्याच धावा असंही नाही, पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट झालेली बरी. या वयात मेंदू शिकायला तयार असतो, उपचार सोपे जातात, थोडक्यात भागतात. पूर्वी म्हणायचे सात-आठ वर्षांनंतर काही उपयोग नाही, ते आता तितकं खरं राहिलेलं नाही: अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, २००५ साली आलेल्या, ७ ते १२ वर्षांच्या मुलांना चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी आणि थेंब असा पूर्ण उपचार दिला तर निम्म्याहून थोड्या जास्त मुलांची नजर सुधारली आणि नुसत्या चष्म्याने साधारण पाव मुलांची. म्हणजे मोठ्या मुलांच्या आईबापांनीही आशा सोडू नये, पण तुमच्या हातात आज साडेचार वर्षांची पोर आहे आणि हा फायदा आपणहून घालवायचं काही कारण दिसत नाही मला.

आता शेवटची ओळ.

मला वाटतं तुम्ही मे महिना गाठताय तो डॉक्टरसाठी नाहीच, त्या फोनसाठी. चिठ्ठी खोटी निघाली तर फोन करावाच लागणार नाही, म्हणून कावळा आणि मुंगी साक्षीला उभी. मी चुकत असेन तर सोडून द्या. पण बरोबर असेन तर हे नीट वाचा: एका डोळ्याला मोठा प्लस नंबर असणं हे मोबाइलमुळे होत नाही. प्लसचा नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा लांबीला थोडा आखूड असणं. बहुतेक सगळी बाळं प्लस नंबर घेऊनच जन्मतात, वाढता वाढता डोळा लांब होतो आणि नंबर उतरतो, तुमच्या नातीचा डावा उतरला आणि उजवा मागे राहिला, इतकंच. जवळचं फार बघणं आणि बाहेर कमी खेळणं याचा संबंध मायनस नंबराशी जोडला जातो, म्हणजे वेगळीच भानगड. मोबाइल कमी करा हे मी म्हणेनच, झोप, जेवण, बोलणं सगळ्यासाठी म्हणेन, पण या चिठ्ठीचं पाप त्याच्या डोक्यावर नको आणि तुमच्याही नको.

तेव्हा सुनेला आजच फोन करा. मुलाला नंतर केलात तरी चालेल, बोटीवर रेंज मिळेल तेव्हा. सून नर्स आहे, तिला ‘थेंब घालून रिफ्रॅक्शन’, म्हणजे नंबर काढणं, म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागणार नाही. चिठ्ठीचा फोटो पाठवा आणि सरळ लिहा, ‘बालवाडीत तपासणी झाली, असं आलंय, या तारखेला डॉक्टरकडे नेतोय.’ आधी तारीख घ्या आणि मग फोन करा हा माझा स्वार्थी सल्ला, म्हणजे बोलणं ‘कोणामुळे झालं’ वरून ‘डॉक्टर काय म्हणतील’ वर लवकर जातं. परदेशात राहून मूल सासरी ठेवलेल्या आईला सगळ्यात जास्त काय लागतं तर मागाहून कळणं. तपासणीच्या दिवशी तिला व्हिडिओ कॉलवर घेता आलं तर घ्या, डॉक्टरांना विचारून.

कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून सरकारी योजना आहे, २०१३ पासून, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, तिची टीम अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येते, आणि तपासणीत काही सापडलं तर पुढच्या मोफत उपचाराचीही तिच्यात तरतूद आहे. म्हणून आधी बालवाडीच्या बाईंना विचारा शिबिर कोणी घेतलं होतं आणि पुढे पाठवायची त्यांची काय व्यवस्था आहे. नाहीतर थेट बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, नेत्रविभागात, किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात. खाजगी डॉक्टरकडे जात असाल तर फोनवर दोन प्रश्न विचारा: लहान मुलांचे डोळे नेहमी बघता का, आणि थेंब घालून तपासता का. दुसऱ्याचं उत्तर ‘गरज नाही, कॉम्प्युटरवर बघतो’ असं आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. सकाळी पोट भरून न्या, एक खेळणं बरोबर, आणि अर्धा दिवस जाणार हे धरूनच निघा. कदंबाच्या बसने गेलात तर परतीच्या उन्हासाठी टोपी विसरू नका.

समजा चष्मा लागला. मग तो दिवसभर, अंघोळ आणि झोप सोडून. पहिले काही आठवडे ती काढून टाकेल, कपाटाखाली लपवेल, चांगल्या डोळ्याने दिसतंय तर हे ओझं कशाला हा तिचा मुद्दा तिच्या जागी बरोबरच आहे. काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्या, फुटून डोळ्यात जात नाहीत, आणि मागून इलॅस्टिकचा पट्टा. कित्येक मुलांची नजर नुसत्या चष्म्यानेच तीन-चार महिन्यांत बरीच सुधारते, त्यामुळे डॉक्टरांनी लगेच पट्टी दिली नाही तर ‘उपचारच केला नाही’ म्हणू नका. पट्टी लागलीच तर ती चांगल्या डोळ्यावर, आणि इथे घरोघरी गडबड होते, आजीला वाटतं आजारी डोळा झाकायचा. मध्यम आळशीपणाला रोज दोन तास पुरतात, सहा तासांइतकाच फायदा होतो हेही तपासून झालेलं आहे, तेव्हा किती तास ते डॉक्टर सांगतील तेवढेच, जास्त केलं म्हणून जास्त फळ नाही. आपल्या हवेत घामाने पट्टी सुटते, म्हणून सकाळी गारव्यात लावा, चेहरा कोरडा पुसून. आणि त्या दोन तासांत तिला नुसतं बसवून ठेवू नका. आजींबरोबर तांदूळ निवडायला बसवा, अबोलीचे गजरे करायला, चित्रं रंगवायला. इथे मास्तर तुमच्याइतका माणूस कोणाकडे असतो घरात? मी तर म्हणेन या उपचाराला आईबाप जवळ नसले तरी चालेल, रिकामा वेळ असलेला एक शिक्षक हवा.

गाजर आणि शेवग्याचा पाला चालू राहू दे, ‘अ’ जीवनसत्त्व डोळ्याला हवंच असतं, पण त्याने गोळ्याची लांबी बदलत नाही. दिष्ट काढल्यानेही काही बिघडत नाही, फक्त ती काढून झाली म्हणजे तपासणी झाली असं नको. मुलगी आहे, चष्मा लागला तर पुढे लग्नाचं काय, असं कोणी बोलत असेल तर त्यावर मी शब्द खर्च करणार नाही.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी, कारण हे पत्र वाचून बरेचजण आपापल्या चिठ्ठ्या शोधतील. ज्यांना ‘पास’ आलाय त्यांनी ती चिठ्ठी जन्माचा दाखला समजू नये. अधूनमधून होणारा तिरळेपणा, पडद्याचे काही आजार, रंग ओळखण्यातला दोष हे या यंत्रातून सुटू शकतं, आणि मायनस नंबर तर शाळेच्या वयात नव्यानेच येतो, तेव्हा फळ्यावरचं दिसत नाही, डोळे बारीक करतो, असं काही दिसलं तर पुन्हा तपासा. आणि फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी दिसत असेल, नुसत्या डोळ्यांनीही पांढरट चमक दिसत असेल, किंवा डोळा अचानक तिरळा झाला असेल तर कुठल्याही शिबिराची, अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्यामागे मोतीबिंदू, क्वचित डोळ्याचा कर्करोगही असू शकतो आणि तिथे आठवडेसुद्धा महत्त्वाचे.

तुमच्या नातीच्या बाबतीत असं काही पत्रात नाही. तरी उजवा डोळा नाकाकडे वळतोय का यावर लक्ष ठेवा, विशेषतः ती दमलेली असताना किंवा जवळचं बघताना, प्लस नंबरवाल्या मुलांत असं सुरू होऊ शकतं. दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरसमोर तो डोळा हमखास सरळ राहतो. चिठ्ठीचाही फोटो काढा आत्ताच, तो थर्मल कागद असेल तर दोन महिन्यांत अक्षरं उडतील. आणि पत्रात तुम्ही ओझरता उल्लेख केलाय त्या धाकट्या नातवाचा, दीड वर्षाचा, मडगावला मुलीकडे असतो तो. असे नंबर घराण्यात चालतात, त्यामुळे तुमच्या मुलीलाही सांगा त्याला एकदा दाखवून घ्यायला, तो बोलत नसला तरी काही अडत नाही.